तीन चुलींचा घरटॅक्स

“घरी पावने हायेत तंवर त्या टॅक्सवाल्याले आंगणाच्या आत घेऊ नोको, बाई. भाईरच्या भाईर चहा पाज अन् वाटे लाव,” असं शेजारच्या देवकाबाईनं कुंपणापलीकडून रुखमिणीला बजावलं होतं. रुखमिणी त्यावर हसली होती. बी.ए., अर्थशास्त्र, दुसरी श्रेणी, असं ते हसणं होतं.

खरं तर रुखमिणी सहसा कुठलाही इशारा वाया जाऊ देणारी नव्हे. चौदा महिन्यांची चिमी रांगायला लागल्यापासून तिचा दिवस काळजीनंच उजाडायचा. चिमी लाखोळीचा दाणा नाकात घालेल, कवेलू सरकून डोक्यात पडेल, सरपणातून इंचू निघेल, मांजर पाळण्यात झोपेल. विहिरीवर तिनं लोखंडी जाळी बसवून घेतली होती आणि त्या जाळीवर दगड ठेवला होता, आणि तो दगड चिमीच्या पायावर पडेल म्हणून तिसऱ्या दिवशी काढून टाकला होता. जगातल्या झाडून सगळ्या संकटांची यादी तिच्यापाशी होती. तीत नगरपालिकेचा टॅक्स मोहरीर, म्हणजे घरपट्टीचा कारकून, तेवढा नव्हता. यादीत नसलेल्या संकटाला काय, घर बरोबर सापडतं.

(गावाचं नाव सांगत नाही. भंडारा जिल्ह्यातलं आहे एवढं पुरे. रुखमिणीला अजून तिथंच राहायचं आहे आणि पुढची आकारणीही तिथंच व्हायची आहे.)

साल एक्क्याऐंशी. दिवाळी होऊन गेली होती आणि मंडईची जत्रा आली होती. मंडईला आपल्याकडं दिवाळीपेक्षा जास्त माणसं येतात, हे काही सांगायला नको. दुपारी बाजार, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात पाहुण्यांना जेवण. इश्वर मास्तरांच्या घरी, म्हणजे रुखमिणीच्या नवऱ्याच्या घरी, त्या दिवशी एकोणीस पाहुणे होते. इश्वर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. घर मातीचं, कवेलूचं, चार खोल्या, पुढं ओसरी, मागं आंगण. आणि त्या आंगणात त्या दिवशी चुली.

हे चुलींचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण पुढं नगरपालिकेला ते समजलं नाही.

घरातली चूल सासूबाईंची, पार्वताबाईंची. तिच्यावर मटण चढत नाही. पण मंडईला मटण नाही केलं तर लोक म्हणतील मास्तरचा पगार थांबला. म्हणून आंगणात दुसरी चूल मांडायची आणि तिचा ताबा टिकाराम मामांकडं. टिकाराम मामा म्हणजे पार्वताबाईंचे एकुलते एक धाकटे भाऊ, सिहोऱ्याचे. भाऊबीजेला यायचे ते मंडई करूनच जायचे. त्यांच्या रश्श्याला दुसऱ्या कुणी पळी लावलेली त्यांना खपत नसे. तिसरी चूल शहापूरच्या केशवरावांची. हे इश्वरचे मावसभाऊ. गळ्यात माळ, स्वतःच्या हातचंच खायचे, आणि मटणाचा वारा ज्या चुलीवरून गेला त्या चुलीवरचं नाही खायचे. त्यामुळं वारा फिरला की केशवराव आपले तीन दगड उचलून दुसऱ्या कोपऱ्यात जायचे. त्या सकाळी वारा तीनदा फिरला होता. चौथी चूल आंघोळीच्या पाण्याची.

अशा मुहूर्तावर लक्ष्मणराव मोहरीर दारात आले. हातात छत्री, बगलेत वही, खिशातून लोंबणारी कापडी टेप. वर्षं उलटली तरी नगरपालिकेनं घरांची नव्यानं आकारणी केली नव्हती, ती आता निघाली होती.

रुखमिणीनं त्यांना आत बोलावलं. का बोलावलं, हा प्रश्न तिनं स्वतःला नंतर शंभरदा विचारला. एक तर सरकारी माणसाला दाराबाहेर चहा देणं तिला असंस्कृत वाटलं. दुसरं म्हणजे ती टेप. पितळी टोकाची, काळ्या लाल आकड्यांची. त्या टेपेचं टोक लक्ष्मणरावांनी तिच्या हातात दिलं आणि “धरा बाई, भिंतीले लावून,” असं म्हटलं, तेव्हा तिला आपण राष्ट्राच्या कामात हातभार लावतो आहोत असं वाटलं. तिनं चारही खोल्या हौसेनं मोजून दिल्या. मोहरीर दीड फूट विसरले होते, तेही तिनंच लक्षात आणून दिलं. मग अनारसे दिले. मग त्यांचं बॉलपेन चालेना, तेव्हा आतून इश्वरचं शाईचं पेन आणून दिलं.

आता लक्ष्मणराव काही वाईट माणूस नव्हते. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत जनगणना झाली होती, आणि तिच्या शिबिरात त्यांना शिकवलं गेलं होतं की एक चूल म्हणजे एक कुटुंब. हे वाक्य त्यांच्या मनात इतकं बसलं की त्यानंतर त्यांना माणसं दिसेनाशी झाली होती, चुलीच दिसायच्या. ते आंगणात आले आणि थबकले.

केशवरावांजवळ जाऊन त्यांनी विचारलं, “तुमची चूल अलग हाये का जी?”

“अलग म्हंजे?” केशवराव शहारलेच. “मी यायच्या हातचं पानी नाई पीत!”

लक्ष्मणरावांनी लिहिलं. मग ते मामांकडं वळले. मामा उकिडवे बसून रश्श्याला फोडणी देत होते.

“तुमी इथंच राहता का?”

“मंग कोटी राहू?” मामांनी वर न बघता म्हटलं. “मायी बहीन हाये, माया भासा हाये. हे घर मायंच हाये.”

“कवापासून?”

“बाई इथं नांदाले आली तवापासून. पन्नास वर्सं झाली.”

“अन् भाडंगिडं काई?”

मामांना ही थट्टा फार आवडली. पळी वर धरून ते म्हणाले, “दर साली एक पोतं चिन्नोर तांदूळ टाकतो जी. अन् तेबी सोता खांद्यावर आनून. इचारा सूनबाईले!”

लक्ष्मणरावांनी सूनबाईंकडं पाहिलं. सूनबाईंनी कौतुकानं मान डोलावली. मामांचं कौतुक सरकारदरबारी लिहिलं जात होतं, त्याचा तिला अभिमान वाटला. पाण्याची चूल लक्ष्मणरावांनी सोडून दिली. तिच्याजवळ कुणी बसलेलं नव्हतं.

जानेवारीत नोटीस आली.

पिवळा कागद, वर शिक्का. ‘वापर: स्वतः व भाडेकरू (२).’ खाली भाडेकरूंची नावं, शुद्ध आणि सुवाच्य, इश्वरच्या, परत न आलेल्या, पेनाच्या निळ्या शाईतून उतरवलेली. घराचं वार्षिक भाडेमूल्य जवळजवळ चौपट झालं होतं, आणि टॅक्स त्याच्या मागोमाग. हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावी.

रुखमिणीनं तो कागद तीनदा वाचला. पहिल्या वेळी तिला राग आला, दुसऱ्या वेळी हसू आलं आणि तिसऱ्या वेळी काळजी लागली. ही तिसरी गोष्ट तिच्या बाबतीत मुक्कामाला यायची. भाडेकरूला घरातून काढता येत नाही असा कायदा आहे, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं. उद्या केशवरावांची पोरं कागद घेऊन आली तर? चिमीच्या लग्नाच्या वेळी आंगणात त्यांची चूल असली तर? आणि शाळेत कुणी म्हणालं की मास्तरांनी भाड्याचं उत्पन्न लपवलं, तर?

इश्वरनी संध्याकाळी नोटीस पाहिली. विज्ञानाचा माणूस. शांतपणे म्हणाले, “बरोबर आहे की. चुली तीनच होत्या.” आणि वह्या तपासायला बसले.

देवकाबाई आली. ‘मी सांगितलं होतं’ असं ती बोलली नाही. नुसती ओसरीत बसून पोपटीच्या शेंगा सोलत राहिली, आणि दर चार शेंगांमागं एकदा नोटिशीकडं बघत राहिली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

गल्लीत मग सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. कुणी म्हणालं, एक भिंत पाडून ठेव, खोली कमी होईल. कुणी म्हणालं, हपिसात पोरीला घेऊन जा आणि साहेबासमोर चिमटा काढ, रडकं लेकरू बघितलं की साहेब सही करतो. रुखमिणीनं विचारलं, “साहेबाला लेकरंबाळं नसली तर?” यावर सल्ला देणारीनं तिच्याकडं कीव करून पाहिलं. शेवटी समोरचे सोमाजी, निवृत्त पटवारी, कागद-टाक घेऊन आपणहून आले. आयुष्यभर लोकांच्या जमिनी लिहिलेला हात तीन वर्षं रिकामा होता. त्यांनी एक पानभर हरकत अर्ज लिहिला. ‘सदर’ हा शब्द त्यात अकरा वेळा आला होता.

“लिवलं असं पायजे का साहेबाले तोंड उघडाची जागा नाई भेटली पायजे,” सोमाजी म्हणाले. “करा सही.”

रुखमिणीनं वाचलं. एका वाक्यापाशी तिचं मन जरा अडलं, पण सोमाजी समोर उभे होते, चिमी पेन ओढत होती आणि दूध उतू जात होतं. तिनं सही केली. सहीपुढं सवयीनं ‘बी.ए.’ लिहिलं.

नगरपालिकेत ती चिमीला कडेवर घेऊन गेली. चिमटा काढण्याची वेळ आली नाही. चिमीनं स्वतःच शिक्क्याच्या पॅडमध्ये हात बुडवला आणि अर्जाच्या तळाशी जांभळा पंजा उमटवला. शिपायानं तो निरखून पाहिला, आणि अंगठ्याच्या जागी हाताची पाचही बोटं आहेत म्हणजे अर्ज पक्काच आहे असं समजून आवक नोंद करून टाकली.

लक्ष्मणरावांनी तिला ओळखलं. खुर्ची दिली. आणि दोन माणसांकरवी घरांचं रजिस्टर आणवलं.

त्या रजिस्टराबद्दल रुखमिणी पुढं बरेच दिवस बोलत असे. पाळण्याएवढं होतं, म्हणायची. टेबलावर ठेवलं तेव्हा शाईच्या दौती हलल्या. लाल खारव्याची बांधणी, कोपरे उंदरांनी गोल केलेले. त्यात गावातलं प्रत्येक घर होतं. देवळाशेजारचं, नाल्याकाठचं, पडकं, नवं, भांडणातलं. ज्या घरांत लग्नं झाली, मुलं झाली, माणसं गेली, त्यांच्या वाट्याला तिथं एकेक ओळ होती, आणि कुणाला दुसरी ओळ मिळालेली नव्हती. लक्ष्मणरावांनी बोट फिरवत फिरवत तिचं घर काढलं. जुन्या नोंदीत तिच्या सासऱ्यांचं नाव होतं. त्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ‘मातीचे, कवेलू, खोल्या दोन.’ पुढं दुसऱ्या शाईनं दोनाचे चार केलेले. म्हणजे त्या माणसानं दोन खोल्या वाढवल्या तेव्हाही कुणीतरी टेप घेऊन आलं असणार, आणि पार्वताबाईंनी चहा केला असणार. रुखमिणीला एकदम हात जोडावेसे वाटले. भांडायला आली होती हे आठवायला तिला थोडा वेळ लागला.

“लक्ष्मणराव, अहो, ते पाहुणे होते,” ती म्हणाली.

“असतील बाई. पन तुमच्या हातचा अनारसा खाऊन मी खोटं कसं लिवू? तेयनं सांगितलं तेच लिवलं.”

“मग आता काय करायचं?”

“सोपं हाये. जो राहत नाई त्यानं ‘मी राहत नाई’ म्हून लिहून द्याचं.”

“पण जो राहतच नाही त्याला शोधू कुठं?”

“तो राहते तिथं,” लक्ष्मणराव म्हणाले. त्यांच्या स्वरात चेष्टा नव्हती. तिनं डोळे विस्फारून त्यांच्याकडं पाहिलं. अर्थशास्त्राच्या तीन वर्षांत इतकं निखळ सत्य तिला कुणी सांगितलं नव्हतं.

केशवरावांचं काम टपालानंच झालं. त्यांनी उलट टपाली लिहून दिलं की, सदर घरात मी राहत नाही, राहू इच्छीत नाही, आणि मागच्या मंडईला मला ओली लाकडं दिली होती. शेवटचं वाक्यही लक्ष्मणरावांनी नोंदवून घेतलं.

राहिले मामा.

मामांना पोस्टानं कागद पाठवणं बरं दिसेना. म्हणून एका रविवारी ती चिमीला घेऊन निघाली. तुमसरला गाडी बदलली, बपेऱ्याच्या गाडीत उभ्यानं सिहोरा गाठलं. रस्ताभर शेतांतून धानाचं चुरणं चाललं होतं, आणि दर खळ्यावर तिला वाटत होतं की चिमीच्या डोळ्यात कूस जाणार.

मामा खळ्यावरच भेटले. तिला बघून धावत आले, धोतराला हात पुसले, आणि तिच्या कडेवरच्या चिमीच्या पायांवर डोकं टेकवलं. आपल्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो, भाच्याच्या लेकरांच्याही पडतो. सत्तरीकडं झुकलेलं ते पांढरं डोकं सोळा महिन्यांच्या पावलांशी वाकलेलं दिसलं की रुखमिणीला दर वेळी कसंतरीच व्हायचं. आज ते जास्त झालं, कारण पिशवीत सोमाजींच्या अर्जाची नक्कल होती, खाली मामांच्या सहीची जागा सोडलेली.

जेवायच्या आधीच तिनं तो काढला. नंतर काढायचा धीर झाला नसता. “मामाजी, नुसती सही हवी होती. नगरपालिकेची भानगड आहे.”

मामांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावला. त्यांना वाचता यायचं, पण मोठ्यानंच. खळ्यावरची माणसं ऐकत होती.

“सदर… इसम… टिकाराम… हा सदर घरात… राहत नसून… केवळ… जेवणापुरता… येतो.”

बैल फिरत होते तेवढेच फिरत राहिले. बाकी सगळं थांबलं.

मामांनी कागदाची घडी केली. पुन्हा एकदा केली. टोपी काढून घडी टोपीत ठेवली आणि टोपी डोक्यावर घातली. “भूक लागली असंन तुले, सूनबाई. चाल, जेवून घे,” एवढंच म्हणाले. गरम भात, वर तूप, लाखोळीच्या पाल्याची भाजी, ही चव अजून तिच्या जिभेवर आहे, असं ती सांगते.

निघताना तिनं चाचरत विचारलं, “आणि सही, मामाजी?”

“सही तिथंच येऊन करतो. साहेबासमोर. तारीक सांगून ठेव.”

गाडी सुटताना ते दर वेळी “येतो मंग मंडईले” म्हणायचे. मग मंडई दहा महिने लांब का असेना. त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. चिमीच्या पायांवर डोकं मात्र टेकवलं.

घरी आल्यावर तिनं सासूबाईंना सांगितलं. पार्वताबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“जेवाले येनारा?”

“मी नाही हो आई, सोमाजींनी लिहिलं.”

“सही कोनाची हाये?”

रुखमिणीचीच. सही तर होतीच, पुढं बी.ए.सुद्धा होतं.

“पाय बाई,” पार्वताबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला नाही म्हणून ते जास्त लागलं, “टॅक्स म्हंजे का असते? मी पान्याचं पितळी गुंडं विकून भरीन. मले माहेर म्हून एकच मानूस राहिला हाये. तो उद्यापासून या घरी पाटावर बसला, तं घास उचलताना त्याले तो कागद आठवन. मंग तो नाई येनार. तो बोलनार नाई, भांडनार नाई. नुसता नाई येनार.”

इतके दिवस ज्या गोष्टीची काळजी करायची तीच सोडून बाकी सगळ्यांची आपण करत होतो, हे रुखमिणीला तेव्हा कळलं.

सुनावणी फेब्रुवारीत होती. साहेब नवीन होते, घाटावरचे, प्रत्येक शब्द इस्त्री करून बोलणारे. खोलीत लक्ष्मणराव धुतलेल्या सदऱ्यात, पुढ्यात ते रजिस्टर. अर्जावर नजर टाकून साहेब आधी थबकले.

“हा पंजा कोणाचा?”

“माझ्या मुलीचा,” रुखमिणी म्हणाली.

“त्यांचा मिळकतीशी संबंध?”

“वारस आहे,” लक्ष्मणरावांनी तत्परतेनं सांगितलं. साहेबांनी पुढं विचारलं नाही.

मग मामा आले. पांढरं स्वच्छ धोतर, लग्नातला काळा कोट, डोक्याला पटका. खांद्यावर पोतं. इतकी वर्षं ते या गावात रिकाम्या हातानं आले नव्हते, आणि हपिसात यायचं म्हणून काही ते रीत मोडणार नव्हते. पोतं दाराबाहेर भिंतीला टेकवून ते आत आले आणि हात बांधून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

“आपण सदर घरात राहता का?” साहेबांनी विचारलं.

मामांनी जमिनीकडं पाहिलं. शाळेतला पोरगा पाठ म्हणतो तसं ते एका दमात म्हणाले, “नाई जी. मी तिथला नोहो. मी सिहोऱ्याचा हाव. त्या घरी मी केवळ जेवणापुरता येतो.”

सगळं वाक्य पाठ केलं होतं. ‘केवळ’ सुद्धा.

लक्ष्मणरावांचा जीव कळवळला. त्यांची नोंद खोटी ठरत होती. “अवो, तुमीच तं म्हनलं का पन्नास वर्सांपासून राहतो म्हून! हे घर मायंच हाये म्हून!”

“तवा खोटं बोललो,” मामा म्हणाले.

त्यांचे कान लाल झाले होते. रुखमिणीनं ते पाहिलं. लहान मूल कडेवर असलं की माणसाला बारीकसारीक दिसायला लागतं. ह्या माणसानं बाजारात कधी दाणा कमी मापला नव्हता. आणि आज भाच्याचा टॅक्स कमी व्हावा म्हणून, चार लोकांत, परक्या साहेबासमोर उभं राहून तो कधी न केलेलं पाप कबूल करत होता. रजिस्टर मोठं वाटलं होतं तिला. हे त्याहून कितीतरी मोठं होतं, आणि त्याला लाल खारव्याची बांधणी नव्हती.

ती उभी राहिली. “साहेब, ते आत्ता खोटं बोलताहेत.”

“कोण?”

“मामाजी. ते राहतात आमच्याकडं. पश्चिमेकडची खोली त्यांची आहे. त्यांची काठी तिथं असते, लोटा तिथं असतो. त्यांच्या खाटेवर आम्ही कुणी बसत नाही.”

त्या खोलीत अकरा महिने धानाचा ढोला, म्हणजे मोठी कणगी, असतो आणि खाट त्याच्या मागं उभी करून ठेवलेली असते, हे तिनं सांगितलं नाही. सगळंच काही साहेबांना कळायला पाहिजे असं नाही.

“सूनबाई, बस खाली,” मामा पुटपुटले. “टॅक्स वाढन.”

“वाढू द्या.”

साहेबांनी चष्मा काढला. “बाई, ही हरकत आपलीच आहे ना?”

“हो.”

“आपली हरकत अशी की भाडेकरू नाही.”

“हो.”

“आणि भाडेकरू म्हणतो की मी नाही.”

“हो.”

“आणि आपण म्हणता की आहे.”

“हो, साहेब.”

साहेबांनी नियमाचं पुस्तक काढलं. पानं उलटली. लक्ष्मणरावांनी वाकून मदत केली. हरकतदार स्वतःच्याच हरकतीवर हरकत घेतो, असं कलम त्या पुस्तकात नव्हतं. अखेर साहेब हळूच म्हणाले, “माझ्या नोकरीत टॅक्स वाढवून मागणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहतो आहे,” आणि चष्मा पुन्हा लावायला त्यांनी बराच वेळ घेतला.

निकाल असा झाला: केशवराव यांची चूल कमी करण्यात येत आहे. टिकाराम यांची चूल कायम. भाडं, भाडेकरूच्या पूर्वीच्या जबाबाप्रमाणं, वार्षिक एक पोतं चिन्नोर, आणि टॅक्स त्या पोत्याच्या भावावर.

बाहेर आल्यावर मामांनी पोतं उचलून खांद्यावर घेतलं. नाल्याच्या पुलावर आल्यावर म्हणाले, “भाडं घरी नेऊन टाकू, का हपिसात जमा कराव लागते?” आणि मग इतके हसले की पोतं घसरायला आलं. रुखमिणीही हसली. चिमी दोघांकडं बघून हसली.

पार्वताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आत गेल्या, आणि पश्चिमेच्या खोलीतल्या ढोल्यातलं धान टोपल्यानं काढायला लागल्या. संध्याकाळपर्यंत ढोला ओसरीत आला आणि खाट आडवी झाली.

देवकाबाई कुंपणाशी उभी होती. आता तिला राहवलं नाही. “तरी मी सांगतलं होतं,” ती म्हणाली.

या गोष्टीला पाच वर्षं होऊन गेली. घरटॅक्सची पावती दर साली येते, तीवर ‘भाडेकरू: टिकाराम’ असं छापल्यासारखं येतं, आणि रुखमिणी ती वेगळ्या डब्यात ठेवते. खोलीत दुसरं कुणी झोपत नाही. पाहुणे ओसरीत दाटीवाटीनं निजतात, पण त्या खाटेवर नाही.

आता तिचं एक काम आहे, ते तुम्हाला सांगायचं. मागच्या दोन मंडयांना मामा आले नाहीत. कुणी म्हणतं गुडघे गेले, कुणी म्हणतं ऐकू कमी येतं. दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. पार्वताबाई भाऊबीजेला ओवाळणीचं ताट दिवस मावळेपर्यंत उचलत नाहीत. रुखमिणी स्वतःच जायची, पण धाकट्या मुलाला गोवर निघाला आहे, चिमीलाही कणकण आहे, आणि तिच्या काळज्यांची यादी तर तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून तुमच्यापैकी कुणी तुमसरहून बपेऱ्याच्या गाडीनं जाणार असाल, तर सिहोऱ्याला उतरा. टिकाराम कुठं राहतात म्हणून विचारा, कुणीही दाखवेल. रुखमिणीनं पाठवलं असं लगेच सांगू नका, ते उठायला बघतील. आधी नुसते बसा. चालतात का बघा, नीट जेवतात का बघा. मग म्हणा, मालकीण विचारत होती. दोन साली भाडं आलं नाही. पोतं नको म्हणावं, खांद्याला झेपणार नाही. नुसतं यायला सांगा.

आणि ते घरी दिसलेच नाहीत, तर त्यांच्या मागच्या आंगणात जाऊन त्यांची चूल पेटलेली आहे का, तेवढं बघून या.